नंदनवनाएवढं खोल

नागपूरच्या नंदनवनातल्या जगनाडे चौकात उभ्या असलेल्या माणसाला समुद्राशी काही देणंघेणं नसतं. समुद्र पाहायचा तर रात्रभर रेल्वेत बसून मुंबई गाठावी लागते. पण आडवं अंतर सोडून उभं मोजलं तर समुद्र फारसा लांब नाही. तो सुमारे ३१० मीटर खाली आहे. नागपूरची समुद्रसपाटीपासूनची उंची तेवढीच, आणि ती मोजल्याची १९०७ सालची दगडी खूण झिरो माइलपाशी आजही आहे.

आता ही उंची उलटी धरा. १८ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणममध्ये आयएनएस ‘निस्तार’ हे जहाज नौदलात दाखल झालं. लांबी ११८ मीटर, वजन जवळपास १०,००० टन, बांधणी हिंदुस्तान शिपयार्डची. तोफा मिरवायला हे जहाज बांधलेलं नाही. बुडालेलं शोधणं, बुडालेल्यांपर्यंत पोचणं आणि जमेल तेवढं वर आणणं हे त्याचं काम. त्यावरून उतरणारा पाणबुड्या ३०० मीटर खोलीवर हाताने पाना फिरवू शकतो. म्हणजे नंदनवन समुद्राच्या जितकं वर, जवळजवळ तितकाच तो समुद्राच्या खाली. या लेखापुरतं हेच माप ठेवू: एक नागपूर म्हणजे ३१० मीटर.

एक नागपूर खोलीवर काय असतं? समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वरचं नेहमीचं एक वातावरण धरून ३०० मीटरवर ३१ वातावरणं होतात. माणसाच्या त्वचेचं क्षेत्रफळ पावणेदोन-दोन चौरस मीटर. त्यावरचा एकूण भार काढला तर साडेपाचशे टनांच्या वर जातो. एवढ्या भाराने माणूस चिरडत नाही, कारण आपलं शरीर बहुतांशी पाणी आहे आणि पाणी दाबलं जात नाही. दाबली जाते ती फुप्फुसातली, कानातली, सायनसमधली हवा. म्हणून पाणबुड्याला श्वासासाठी त्याच दाबाचा वायू द्यावा लागतो. तो दिला की साडेपाचशे टन त्याला जाणवतही नाहीत. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते.

आपल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. ३१ पट दाबाखाली तोच ऑक्सिजन विष ठरतो, म्हणून तो सव्वा-दीड टक्क्यावर आणतात. हे मिश्रण नंदनवनात कुणी हुंगलं तर चार-दोन श्वासांत बेशुद्ध पडेल. खाली मात्र ते अगदी नेमकं असतं. नायट्रोजनने गुंगी येते, म्हणून त्याच्या जागी हेलियम भरतात. हेलियम उष्णता हवेच्या सहापट वेगाने ओढून नेतो. त्यामुळे पाणबुड्याच्या सूटमधून सतत गरम पाणी खेळवावं लागतं, नाहीतर माणूस श्वास घेता घेता गारठेल. हेलियममुळे आवाजही चिरका होतो. धिप्पाड माणूस कार्टूनमधल्या बदकासारखा बोलू लागतो आणि वर त्याचं बोलणं समजण्यासाठी वेगळं यंत्र लावावं लागतं.

पण मला सगळ्यात चक्रावून टाकतो तो आकडा वेगळाच आहे. इतका वेळ इतक्या दाबाखाली राहिल्यावर वायू रक्तात, चरबीत, सांध्यांत मुरतो. माणूस झटकन वर आला तर त्या वायूचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यावर व्हावेत तसे. त्याने सांधे आखडतात, लकवा येतो, जीव जातो. ढोबळ हिशोब असा की दर शंभर फुटांना एक दिवस आणि वर आणखी एक दिवस. ३०० मीटर म्हणजे ९८४ फूट, म्हणजे अकरा दिवस. खाली जायला काही तास पुरतात. परतताना त्याला जहाजावरच्या पोलादी चेंबरमध्ये, सहकाऱ्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून, अकरा दिवस बसून दाब कमी होण्याची वाट पाहावी लागते. मध्येच घरी कुणी आजारी पडलं, वारलं, तरी दार उघडत नाही. चंद्रावरून पृथ्वीवर यायला अपोलोच्या अंतराळवीरांना सुमारे तीन दिवस लागत. एका नागपूरवरून वर यायला त्याच्या जवळपास चौपट.

बुडालेलं वर काढण्याच्या धंद्याचं सगळं गणित तिथेच दडलेलं आहे. बुडायला मिनिटं लागतात आणि वर यायला दिवस, महिने, कधी पिढ्या लागतात. लोक टन आणि कोटी विचारतात. ते आकडे मोठे असतात, पण खरे आकडे घड्याळाचे.

हे घड्याळ पहिल्यांदा लावलं ते बकऱ्यांवर. स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०६-०७ च्या सुमारास बकऱ्या दाबाच्या टाकीत घातल्या आणि कोणत्या वेगाने बाहेर काढल्या की लंगडत नाहीत हे पाहिलं. मग माणसांची पाळी आली. ब्रिटिश नौदलाचे दोन अधिकारी स्कॉटलंडच्या एका खाडीत २१० फुटांपर्यंत उतरले आणि धडधाकट वर आले. त्यांतला एक गायबन डॅमंट. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कोष्टकांवर हॉल्डेनच्या जोडीला डॅमंटचंही नाव आहे. टप्प्याटप्प्याने वर येण्याची आजची रीत तिथून निघाली. (हॉल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन. त्यानेही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलासाठी दाबाच्या टाकीत स्वतःवर प्रयोग करून घेतले. १९५७ मध्ये तो भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. बापाने बकऱ्या वापरल्या, मुलाने स्वतःला वापरलं.)

डॅमंटच्या नशिबात कोष्टक मांडून थांबणं नव्हतं. २५ जानेवारी १९१७ रोजी ‘लॉरेंटिक’ हे जहाज आयर्लंडच्या उत्तरेला जर्मन सुरुंगांवर आदळलं आणि तासाभराच्या आत बुडालं. ३५४ माणसं गेली. पोटात ३,२११ सोन्याच्या विटा होत्या. त्या वेळच्या किमतीने सुमारे ५० लाख पौंडांचं हे सोनं युद्धाच्या खरेदीसाठी अमेरिका खंडाकडे निघालं होतं. खोली फक्त ४० मीटर, आपल्या मापाने नागपूरचा जेमतेम आठवा हिस्सा. डॅमंट पाणबुडे घेऊन गेला आणि पहिल्या हंगामात ५४२ विटा काढून मोकळा झाला. दोन वर्षांत काम उरकेल असं कुणालाही वाटलं असतं.

पण हंगामांचे पुढचे आकडे असे आहेत. १९१८: शून्य, कारण डॅमंटच्या टोळीला बुडालेल्या जर्मन पाणबुड्यांत शिरून सांकेतिक पुस्तकं शोधायला पाठवलं होतं. १९१९: ३१५. १९२०: सात. १९२१: त्रेचाळीस. सबंध हंगामात सात विटा! वादळांनी जहाजाचे पत्रे एकावर एक घडी घालून बसवले होते, त्यांच्यावर वाळू आणि दगड भरले होते, आणि सोनं त्या घड्यांच्या खाली सरकलं होतं. त्या अधिकाऱ्याच्या मनःस्थितीची कल्पना करा. ॲडमिरल्टीला वार्षिक अहवाल लिहायचा आहे आणि खर्चापुढे लिहायला आकडा आहे सात. डॅमंटने काम सोडलं नाही. पत्रे कापणं, पाण्याच्या जोराने वाळू हटवणं, बोटांनी चाचपणं चालू राहिलं. १९२२ मध्ये ८९५ विटा हाती लागल्या, १९२३ मध्ये १,२५५, १९२४ मध्ये १२९. बेरीज ३,१८६. पाणबुड्यांनी मारलेल्या बुड्या पाच हजारांवर, म्हणजे सरासरीने बुडीमागे एक वीटही नाही. तरी ९९ टक्क्यांहून जास्त सोनं वर आलं आणि सात वर्षांत एकही पाणबुड्या दगावला नाही. माझ्या हिशोबी या गोष्टीतला सगळ्यात मोठा आकडा हा शेवटचा शून्यच आहे, आणि तो बकऱ्यांच्या त्या कोष्टकातून आला.

सोन्याचा विषय निघाला आहे तर आपल्या मुंबईच्या चांदीकडे वळू. १ ऑक्टोबर १९४२ रोजी ‘सिटी ऑफ कैरो’ हे जहाज मुंबईहून निघालं. ब्रिटिश सरकारने भारतातून मागवलेली चांदीची नाणी त्यात भरली होती, सुमारे दोन हजार पेट्या, साधारण १०० टन. तो काळ चले जावचा. गवालिया टँकवरच्या सभेला पुरते दोन महिनेही झाले नव्हते. जहाज आफ्रिकेला वळसा घालून दक्षिण अटलांटिकमध्ये गेलं आणि ६ नोव्हेंबरला सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेला एका जर्मन पाणबुडीने ते बुडवलं.

शंभर टन चांदी म्हणजे किती? रुपयाचं नाणं एका तोळ्याचं, ११.६६ ग्रॅमचं. सगळे रुपयेच धरले तर ८५ लाखांवर नाणी होतात. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता मोजत बसलं तर ९९ दिवस लागतील. हा खजिना जाऊन पडला ५,१५० मीटरवर. सोळाहून जास्त नागपूर एकाखाली एक. ‘टायटॅनिक’सुद्धा बारा-साडेबारा नागपूरवर आहे. तिथला दाब पाचशे वातावरणांच्या वर जातो. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर अर्धा टन. तिथे माणूस जाऊन काम करण्याचा प्रश्नच नाही, दोरखंडाच्या टोकाला बांधलेली यंत्रंच जातात. २०११ मध्ये एका खासगी कंपनीने जहाज शोधलं, २०१३ पर्यंत बरीचशी चांदी वर काढली आणि ती ३.४ कोटी पौंडांना विकली गेली. इतक्या खोलातून माल काढण्याचा तो विक्रम ठरला. नाणी वितळवून टाकली. आम्ही इथे आदराने आलो होतो, अशा अर्थाची एक पाटी त्या मंडळींनी तळाशी ठेवली. ज्या रयतेच्या व्यवहारातून ती चांदी गोळा झाली तिचा उल्लेख पाटीवर असायला हरकत नव्हती.

नाणी बादलीत भरून काढता येतात. सबंध जहाज काढायचं तर काय करायचं? युक्ती आर्किमिडीजची: पाणी बाहेर काढा, हवा आत भरा. एक घनमीटर हवेने एक टनाहून थोडं जास्त वजन उचललं जातं. ऐकायला सोपं आहे. पण एक नागपूर खोलीवर एक घनमीटर जागा हवेने भरायची तर वरून ३१ घनमीटर हवा कोंबावी लागते. जहाज वर सरकू लागलं की तीच हवा फुगू लागते. हवा फुगली की उचल वाढते, उचल वाढली की वेग वाढतो, आणि वेग वाढला की हवा आणखी फुगते. शेवटच्या दहा मीटरमध्ये तर ती थेट दुप्पट होते. सगळ्यात घातक टप्पा तळाशी नसतो, पृष्ठभागाच्या अगदी खाली असतो, जिथे पाहणाऱ्याला काम संपत आलंसं वाटतं. म्हणून मोठ्या खोलीवर हवेवर विसंबत नाहीत. रशियाची ‘कुर्स्क’ पाणबुडी ऑगस्ट २००० मध्ये ११८ माणसांसह १०८ मीटरवर बुडाली. तिला २६ जागी पोलादी दोरखंडांच्या जुड्यांनी धरून संथपणे ओढून काढलं, ऑक्टोबर २००१ मध्ये. नागपूरच्या एक तृतीयांश खोलीला चौदा महिने.

खोली कमी असली की काम सोपं, असा समज या आकड्यांतून होईल. मुंबई बंदराने तो दोनदा खोटा ठरवला आहे.

पहिली वेळ १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं, कापसाच्या हजारो गाठी आणि ३१ पेट्यांत १२४ सोन्याच्या विटा एकत्र भरल्या होत्या. हे असं एकत्र भरण्याची बुद्धी कुणाला सुचली, हा प्रश्न ऐंशी वर्षांनंतरही पडतो. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. हादरा थेट सिमल्यात नोंदला गेला. आग विझवताना ६६ अग्निशामक गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो यांच्यासाठी, आणि अग्निशमन अधिकारी घडवणारं राष्ट्रीय महाविद्यालय आपल्या नागपुरात आहे. दोन स्फोटांमध्ये २८ मिनिटं. डॉक पुन्हा चालू व्हायला ८,००० माणसांना सात महिने खपावं लागलं. पाच लाख टन ढिगारा निघाला. भागाकार करून पाहा, माणशी रोजचा सुमारे ३०० किलो येतो. सोनं जवळजवळ सगळं मिळालं. राहिलेलं पुढे कित्येक वर्षं गाळ उपसताना अधूनमधून निघत राहिलं.

दुसरी वेळ आपल्या सगळ्यांना आठवत असेल. १४ ऑगस्ट २०१३, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. मुंबईच्या नौदल गोदीत उभ्या असलेल्या ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले. ७३ मीटर लांबीची, २,३०० टनांची ही पाणबुडी रशियातून दुरुस्ती होऊन त्याच वर्षी परतली होती. तिघांनी उड्या मारून जीव वाचवला. आत असलेले अठराजण गेले.

तिथली खोली आपल्या मापाने नागपूरचा विसावा भागसुद्धा नव्हती. बुडालेल्या पाणबुडीचा वरचा काही भाग पाण्याबाहेर दिसत होता. काठावरून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर आपली माणसं आत होती. पण आतल्या उष्णतेने पोलाद वितळून झाकणं वाकडी झाली होती, आत पाणी, तेल आणि चिखल होता, उजेड नव्हता, आणि न फुटलेला दारूगोळा कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. अशा अरुंद जागेत पाणबुडे एकामागून एक हातांनी चाचपत शिरले. पहिले मृतदेह हाती लागायला १६ ऑगस्ट उजाडला. ३०० मीटरवर उतरण्याचं शिक्षण घेतलेल्या माणसाला दहा-बारा मीटरवर दोन दिवस अडून राहावं लागलं. खोली त्याला अडवत नव्हती. अडवत होता अंधार, आणि प्रत्येक झाकणाआड एखादा जिवंत असेल ही शक्यता, जी सोडताही येत नव्हती.

नौदलातल्या पाणबुड्या अधिकाऱ्याचं आयुष्य बहुतेक असंच जातं. कोचीच्या डायव्हिंग स्कूलमध्ये शिकायचं, सुरुंग निकामी करायचे, जहाजांचे तळ तपासायचे आणि हाक आली की निघायचं. हाक समुद्रातूनच येईल असं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ती मेघालयातून आली, जिथे किनाराच नाही. पाणी भरलेल्या कोळसा खाणीत पंधरा मजूर अडकले होते. नौदलाचे पाणबुडे विशाखापट्टणमहून तिथे गेले आणि पाण्याखालच्या यंत्राच्या कॅमेऱ्याला पहिला मृतदेह दिसला तो ३५ दिवसांनी. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची ‘नांग्गाला’ पाणबुडी बेपत्ता झाली. आपल्या नौदलाचं बचाववाहन ६५० मीटरपर्यंत, म्हणजे दोन नागपूर खाली जाऊन एका खेपेला चौदाजणांना सोडवून आणू शकतं. ते जहाजावरून लगोलग रवाना झालं. ‘नांग्गाला’ सापडली ८३८ मीटरवर, तीन तुकड्यांत. त्रेपन्नजणांपैकी कुणीही वाचलं नव्हतं आणि आपलं जहाज वाटेतूनच परत फिरलं. निघालो आणि पोचायच्या आतच संपलं, अशा नोंदी या खात्यात पुष्कळ असतात. त्यांचं पदक कुणाला मिळत नाही.

‘सिंधुरक्षक’ वर काढायचं कंत्राट जानेवारी २०१४ मध्ये २४० कोटी रुपयांना दिलं गेलं. ६ जून २०१४ रोजी ती तरंगली. स्फोट काही सेकंदांचा होता, वर यायला २९६ दिवस लागले. त्याच बंदरात ५ डिसेंबर २०१६ रोजी ‘बेतवा’ ही ३,८५० टनांची युद्धनौका सुक्या गोदीतून बाहेर काढताना कलंडली, दोन नौसैनिक गेले, आणि तिला नुसतं सरळ उभं करायला ७९ दिवस लागले.

वर काढलेली ‘सिंधुरक्षक’ पुन्हा सेवेत येण्यासारखी राहिलीच नव्हती. काही काळ नौदलाने ती प्रशिक्षणासाठी वापरली आणि जून २०१७ मध्ये अरबी समुद्रात ३,००० मीटरवर, जवळजवळ दहा नागपूर खाली, कायमची बुडवली. तेव्हा लोकांनी विचारलं, आजही विचारतात, की बुडवायचीच होती तर २४० कोटी खर्चून काढली कशाला? देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या नौदल गोदीत न फुटलेल्या दारूगोळ्यासकट एक पाणबुडी तशीच ठेवता आली नसती. स्फोट का झाला हे तपासायला तिचा सांगाडा लागणार होता. आणि आत अठराजण होते, ज्यांच्या घरच्यांना निदान काहीतरी परत देणं भाग होतं. चौथं कारण शोधायची गरज मला वाटत नाही. ते २४० कोटी योग्य ठिकाणी गेले.